एका देहातील अनेक साक्षी : कथावाङ्मयातील बहुव्यक्तित्वाचे चित्रण

१

कथात्म वाङ्मयाचा सारा व्यवहार एका गृहीतावर उभा असतो. एका देहाला एक नाव, त्या नावाला एक स्मृती आणि त्या स्मृतीला एक स्वभाव, हे ते गृहीत होय. पात्र बदलते, खचते, सुधारते अथवा अधोगतीस जाते. परंतु पहिल्या प्रकरणातील माणूस आणि अखेरच्या प्रकरणातील माणूस एकच आहे याविषयी वाचकाच्या मनात संदेह नसतो. स्वभावचित्रणातील सुसंगतीची जी कसोटी टीकाकार लावतात, ती याच गृहीतातून आलेली आहे. ज्या कादंबऱ्यांत वा चित्रपटांत एकाच देहात एकाहून अधिक व्यक्तिमत्त्वे नांदतात, तेथे हे गृहीत मोडते आणि त्याबरोबर ती कसोटीही अपुरी पडते. अशा कृतींचे मूल्यमापन कोणत्या आधारावर करावयाचे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रथम विषयाची सीमा आखून घेणे इष्ट ठरेल. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकात लखोबा लोखंडे निरनिराळ्या नावांनी व वेषांनी वावरतो. पण त्याचे ‘मी’पण अखंड आहे. आपण कोण आहोत हे त्याला पुरते ठाऊक असते, आणि न्यायालयात तो जे नाकारतो ते जाणूनबुजून नाकारतो. ते बहुरूप्याचे नाटक आहे, बहुव्यक्तित्वाचे नव्हे. एडगर ॲलन पो यांची ‘विल्यम विल्सन’ (१८३९) ही कथा आणि दोस्तोयेव्हस्की यांची ‘द डबल’ (१८४६) ही लघुकादंबरी यांतील प्रतिरूप नायकासमोर वेगळ्या देहाने उभे राहते. त्यामुळे तीही या विवेचनाबाहेर राहतात. छिन्नमनस्कता या निराळ्या मनोविकारालाही लोकव्यवहारात ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ म्हणण्याची चूक वारंवार होते. त्या विकारात विचार आणि वास्तव यांचा मेळ तुटतो. एका देहात दोन नावांची माणसे वसत नाहीत.

उरलेल्या क्षेत्रात एक प्रश्न मध्यवर्ती आहे. देह एक आणि ‘मी’ म्हणणारे अनेक असतील, तर कथेत साक्ष कोणाची नोंदवली जाते? कोणत्या ‘मी’ला स्वतःची हकिकत सांगता येते, कोणाविषयी केवळ इतरांनी बोलावे लागते, आणि यांपैकी खरे कोण हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती दिला जातो? प्रस्तुत प्रकारातील कृतींचा कस या प्रश्नावर लागतो, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

या वाङ्मयाची मुळे वैद्यकीय वृत्तांतांत आहेत, आणि हे वृत्तांत स्वतःच एक प्रकारचे कथन आहेत. फ्रान्समधील बोर्दो येथील वैद्य यूजेन आझाम यांनी १८७६ साली फेलिडा नावाच्या स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. या स्त्रीच्या दोन अवस्था होत्या. एकीत ती उदास, अबोल व आजारी असे, तर दुसरीत आनंदी व मोकळी. दुसऱ्या अवस्थेत तिला आपल्या साऱ्या आयुष्याची आठवण असे. पहिल्या अवस्थेत मात्र दुसरीतील काहीही आठवत नसे. दुसऱ्या अवस्थेत राहिलेल्या गर्भाची वार्ताही पहिल्या अवस्थेतील फेलिडाला नव्हती. पुढे वर्षानुवर्षे ही दुसरी अवस्थाच वाढत गेली आणि तिने आयुष्याचा बहुतेक भाग व्यापला. तरीही आझाम यांनी पहिल्या, दुःखी अवस्थेलाच मूळ व प्रकृत अवस्था मानले, कारण ती आधीची होती. ज्या अवस्थेत स्मृती पूर्ण आणि चित्त स्वस्थ, ती विकृत कशी, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतोच.

बोस्टनचे मॉर्टन प्रिन्स यांच्या १९०६ सालच्या ग्रंथात हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उपस्थित होतो. मिस बोशाँ या टोपणनावाखाली त्यांनी वर्णिलेल्या तरुणीत अनेक व्यक्तिमत्त्वे होती, आणि त्यांत सॅली नावाचे एक अत्यंत खट्याळ व बुद्धिमान व्यक्तिमत्त्व होते. सॅलीला इतर व्यक्तिमत्त्वे काय करतात ते कळत असे. इतरांना तिचे मन कळत नसे. तिने आपले आत्मवृत्तही लिहिले आणि प्रिन्स यांनी ते ग्रंथात समाविष्ट केले. मात्र ‘खरी मिस बोशाँ’ कोण, हे अखेरीस प्रिन्स यांनी ठरविले, आणि त्या निवडीत सॅलीला जागा नव्हती. ग्रंथ मिटल्यावर वाचकाच्या स्मरणात राहते ती मात्र सॅलीच. रोगमुक्तीचे समाधान आणि एक सजीव पात्र नाहीसे झाल्याची हुरहुर यांचे हे मिश्रण पुढील काळातील कादंबरीकारांना वारसाहक्काने मिळाले.

३

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची डॉ. जेकिल व मि. हाइड यांची कथा १८८६ साली प्रसिद्ध झाली. तिचे रहस्य आज पुस्तक न वाचलेल्यांनाही ठाऊक आहे. त्यामुळे तिच्या रचनेकडे दुर्लक्ष होते. कथेची प्रकरणे दहा. त्यांतील पहिल्या आठांत वाचक अटर्सन या वकिलाच्या सोबतीने चालतो. नवव्यात डॉ. लॅनियन यांचे निवेदन येते, आणि जेकिलचे स्वतःचे निवेदन दहाव्या प्रकरणात, त्याच्या अंतानंतर वाचले जाते. म्हणजे वकील, वैद्य आणि आरोपी या क्रमाने साक्षी नोंदविल्या जातात. या साक्षीदारांत हाइड नाही. कथेत सर्वांत अधिक चर्चा ज्याची होते, त्याला स्वतःचे एकही निवेदन नाही.

जेकिल आपल्या निवेदनात सांगतो की दोघांची स्मृती सामाईक आहे. वैद्यकीय अर्थाने पाहता, ज्यात एकाला दुसऱ्याची आठवण नसते असे हे बहुव्यक्तित्व नव्हे. जेकिलला हाइडची कृत्ये ठाऊक आहेत, त्यांतील सुखाचा वाटाही त्याने घेतलेला आहे. असे असता निवेदन पुढे सरकते तसतसा तो हाइडचा उल्लेख ‘मी’ असा करण्याचे नाकारू लागतो आणि ‘तो’ या तृतीय पुरुषाचा आश्रय घेतो. सर्वनामाचा हा बदल म्हणजे कथेतील खरे नैतिक नाट्य होय. ज्याच्या आनंदात भागीदारी होती त्याच्या अपराधात भागीदारी नको, म्हणून व्याकरणाच्या साहाय्याने केलेली ती फारकत आहे. अखेरच्या वाक्यात तर जेकिल स्वतःचे नावही परक्या माणसाचे नाव घ्यावे तसे घेतो. त्या क्षणी लेखणी कोणाच्या हाती आहे, हे सांगणे कठीण होते.

हाइडचा स्वतःचा आवाज वाचकाला आडून मिळतो. तो जेकिलच्या धर्मग्रंथांच्या समासांत जेकिलच्याच अक्षरात अभद्र मजकूर खरडतो, पत्रे जाळतो, जेकिलच्या पित्याचे चित्र नष्ट करतो. हीच काय ती हाइडची साक्ष. ती पुरेशी बोलकी आहे, कारण तिच्यातून क्रौर्याखेरीज आणखी काही व्यक्त होते: प्रतिष्ठित घराण्याच्या, पित्याच्या आणि धर्माच्या दडपणाविरुद्धचा राग. स्टीव्हन्सन यांनी ही साक्ष प्रतिपक्षाच्या तोंडून का होईना, पण नोंदवून ठेवली. या कथेची पुढे झालेली अनेक नाट्यरूपे व चित्रपट यांनी मात्र नटाच्या रूपांतरालाच प्राधान्य दिले. चेहरा बदलताना दाखविणे सोपे असते. सर्वनाम बदलताना दाखविणे अवघड.

४

शर्ली जॅक्सन यांची ‘द बर्ड्‌ज नेस्ट’ ही १९५४ सालची कादंबरी या प्रकारातील सर्वांत विचारप्रवर्तक कृती म्हणावयास हरकत नाही. तिच्यामागे प्रिन्स यांच्या ग्रंथाचा आधार आहे. वस्तुसंग्रहालयात काम करणारी एलिझाबेथ रिचमंड ही निस्तेज, डोकेदुखीने त्रस्त झालेली तरुणी. तिला निनावी पत्रे येऊ लागतात, आणि ती तिच्याच देहातील दुसरीने लिहिलेली असतात. एलिझाबेथ, बेथ, बेट्सी आणि बेस ही चारही रूपे एकाच नावाचे तुकडे आहेत. बेथ गोड व आज्ञाधारक, बेट्सी दांडगी व आईच्या शोधात घर सोडून न्यूयॉर्कला पळणारी, बेस पैशाला चिकटलेली.

कादंबरीच्या सहा भागांपैकी दोन भाग डॉ. राइट या वैद्याच्या तोंडी आहेत, आणि येथेच जॅक्सन यांची सूक्ष्म दृष्टी प्रत्ययास येते. डॉ. राइट सज्जन आहेत, परंतु आत्मसंतुष्ट आहेत. ते रुग्णाच्या व्यक्तिमत्त्वांना क्रमांक देतात. बेथ त्यांना आवडते, कारण ती त्यांचे ऐकते. बेट्सी त्यांना पिशाच्चासारखी भासते, कारण ती त्यांची थट्टा करते. त्यांचे शास्त्रीय निदान आणि त्यांची आवडनिवड यांतील सीमारेषा कोठे पुसली जाते, हे त्यांना कळत नाही, वाचकाला कळते. बेट्सीला कादंबरीत स्वतंत्र भाग दिलेला आहे. त्यात तिचा प्रवास, तिचे भय आणि आईविषयीची तिची आर्तता ही तिच्या बाजूने दिसतात. वैद्याच्या दृष्टीने जे पिशाच्च, ते या भागात एक पोरके मूल ठरते. प्रिन्स यांच्या ग्रंथात सॅलीवर झालेल्या अन्यायाला कादंबरीने दिलेले हे उत्तर होय.

शेवट अधिकच सूचक आहे. व्यक्तिमत्त्वे एक झाल्यावर या तरुणीला नवे नाव हवे असते, आणि ते वैद्य व मावशी मॉर्गेन आपापल्या नावांवरून सुचवितात. वरवर पाहता हा सुखान्त आहे. परंतु आई हरवल्यामुळे जिचे तुकडे झाले, तिला अखेर मिळते ते नावही दुसऱ्यांचे, हा उपरोध सावध वाचकाच्या नजरेतून निसटत नाही.

या उपरोधाचे महत्त्व एका सत्य घटनेशी ताडून पाहिल्यास अधिक पटेल. कॉर्बेट थिगपेन व हर्वी क्लेक्ली या दोन अमेरिकन मनोवैद्यांनी ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’ हे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्याच नावाचा चित्रपट आला आणि त्यातील भूमिकेसाठी जोॲन वुडवर्ड यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. या कथेत दोन परस्परविरुद्ध व्यक्तिमत्त्वांनंतर तिसरे, समंजस व्यक्तिमत्त्व उदयास येते आणि रुग्ण बरी होते. जिच्यावरून ही कथा बेतली होती त्या ख्रिस कॉस्टनर साइझमोर यांनी १९७७ सालच्या ‘आय’म ईव्ह’ या आत्मकथेत सांगितले की त्या तेव्हा बऱ्या झालेल्या नव्हत्या. व्यक्तिमत्त्वे पुढेही प्रकट होत राहिली व त्यांची संख्या वीसहून अधिक झाली. कथेला शेवट हवा होता म्हणून एका जिवंत स्त्रीच्या आयुष्यावर तो शेवट लादला गेला, आणि आपली साक्ष देण्यासाठी तिला वीस वर्षे थांबावे लागले. कथनाची सोय आणि माणसाचे सत्य यांतील अंतर केवढे असू शकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

५

१९५९ साली रॉबर्ट ब्लॉक यांची ‘सायको’ ही कादंबरी आणि १९६० साली आल्फ्रेड हिचकॉक यांचा त्याच नावाचा चित्रपट प्रसिद्ध झाला, आणि या विषयाचे वळण बदलले. येथे बहुव्यक्तित्व हा शोधाचा विषय राहिला नाही; तो रहस्यस्फोटाचे साधन झाला. ब्लॉक आरंभीच नॉर्मन बेट्स व त्याची आई यांचा संवाद देतात, आणि आई केव्हाच मरण पावली आहे ही गोष्ट वाचकापासून लपवून ठेवतात. चित्रपटाच्या अखेरीस मनोवैद्य येऊन सर्व उलगडा करतो. त्याचे लांबलचक भाषण अनेक टीकाकारांना खटकलेले आहे. तथापि त्यानंतरचा प्रसंग उपेक्षणीय नाही. कोठडीत बसलेल्या नॉर्मनच्या चेहऱ्यावर आईचा आवाज ऐकू येतो. शास्त्राने खुलासा केला, पण ज्याच्याविषयी खुलासा केला तो नॉर्मन आता बोलण्यास उरलेला नाही. हिचकॉक यांनी साक्षीचा प्रश्न जाणला होता, असे या एका प्रसंगावरून म्हणता येईल.

त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी हा प्रसंग सोडला आणि फक्त रहस्यस्फोट घेतला. परिणामी ज्याच्यात अनेक व्यक्तिमत्त्वे असतील त्याच्यात एक खुनी असणारच, असा संकेत रूढ झाला. शंकर यांचा ‘अन्नियन’ (२००५) हा तमिळ चित्रपट आणि श्यामलन यांचा ‘स्प्लिट’ (२०१६) हा अमेरिकन चित्रपट भिन्न अभिरुचीचे असले तरी या संकेतावरच उभे आहेत. वैद्यकातील चित्र वेगळे आहे. १९८० साली अमेरिकन मनोवैद्यक संघटनेने बहुव्यक्तित्वाला स्वतंत्र विकार म्हणून आपल्या वर्गीकरणात स्थान दिले आणि १९९४ साली त्याचे नाव बदलून त्यात ओळखीच्या विघटनावर भर दिला. त्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. बालपणातील तीव्र छळाशी त्याचा संबंध अनेक तज्ज्ञ लावतात, तर उपचारातील सूचनांचा व प्रचलित कथांचाच प्रभाव काही तज्ज्ञ त्यात पाहतात. मात्र अशा रुग्णांच्या बाबतीत आत्मघाताचा धोका मोठा असतो, हे उपचार करणाऱ्यांचे अनुभवसिद्ध निरीक्षण आहे. ज्यांना जगाचे भय वाटावे त्यांचेच जगाला भय वाटावे, अशी स्थिती निर्माण करण्यात कथावाङ्मयाचा वाटा लहान नाही. वैद्यकीय अचूकता हा वाङ्मयीन गुण नव्हे, हे मान्य केले तरी, पात्राला बोलू न देता त्याच्यावर आरोप ठेवणे हा वाङ्मयीन दोष खचित आहे.

६

या पार्श्वभूमीवर फाझिल यांचा ‘मणिचित्रत्ताळु’ हा १९९३ सालचा मलयाळम चित्रपट विशेष लक्षणीय ठरतो. त्याची पटकथा मधु मुट्टम यांची असून गंगाच्या भूमिकेसाठी शोभना यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पतीसह जुन्या वाड्यात राहावयास आलेली गंगा त्या वाड्याशी निगडित असलेल्या नागवल्ली या नर्तकीच्या कथेत इतकी गुंतते की ती स्वतःच नागवल्ली होते. गंगा मलयाळम बोलते. नागवल्ली तमिळ बोलते. व्यक्तिमत्त्वातील भेद येथे चेहऱ्याने वा वेषाने नव्हे, भाषेने कळतो. या कथेची जी रूपांतरे झाली त्यांत ही युक्ती जपली गेली: तमिळ ‘चंद्रमुखी’त (२००५) दुसरी स्त्री तेलुगू बोलते, हिंदी ‘भूलभुलैया’त (२००७) ती बंगाली बोलते. प्रत्येक प्रांताने आपल्यातील ‘दुसरी’साठी शेजारची भाषा निवडावी, ही गोष्ट स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे उपचार. यातील मनोवैद्य सनी नागवल्लीला खोटी ठरवीत नाही. तो मांत्रिकाचे साहाय्य घेऊन अशी योजना करतो की नागवल्लीला आपल्या छळकर्त्याचा सूड घेतल्याचे समाधान मिळावे. शस्त्र पुतळ्यावर पडते, आणि ती निघून जाते. म्हणजे तिची फिर्याद ऐकली जाते. मराठी समाजालाही ही रीत अपरिचित नाही. अंगात आलेल्या व्यक्तीला घरातील वडीलधारी मंडळी ‘तू कोण, काय हवे’ असे विचारतात, आणि देवता बोलत असेल तर नेहमीच्या सुनेशीही आदराने बोलतात. अंगात येण्याच्या अनुभवाशी या विकाराचे साम्य असू शकते, याची दखल २०१३ सालच्या अमेरिकन वर्गीकरणातही घेतलेली आहे. या रीतीत अंधश्रद्धेचा व शोषणाचा भाग मोठा आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु कथनाच्या दृष्टीने तिच्यात एक शहाणपण आहे: दुसऱ्या आवाजाला घालवून देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे.

७

मराठी कादंबरीकाराने हा विषय हाताळावयाचा झाल्यास त्याच्या भाषेत कोणती सामग्री आहे, याचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये. इंग्रजीत प्रथमपुरुषी निवेदक आपले लिंग पानेच्या पाने लपवू शकतो. मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतील भेद पहिल्याच क्रियापदाला प्रकट होतो. नॉर्मन मराठीत प्रथमपुरुषी बोलता तर त्याच्यातील आई अनेक वाक्यांत उघडी पडली असती. दक्षिण महाराष्ट्रातील काही बोलींत स्त्रियाही ‘मी आलो’ म्हणतात. तेव्हा हा भेद सर्वत्र सारखा नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. जे रहस्यकथेच्या दृष्टीने अडचण वाटते तेच स्वभावचित्रणाच्या दृष्टीने साधन आहे. क्रियापदाचा प्रत्यय बदलताच बोलणारा बदलला हे वाचकाला कळेल. त्यासाठी वैद्याने येऊन सांगण्याची गरज राहणार नाही.

दुसरी सामग्री याहून मोलाची आहे. इंग्रजीतील अनेकवचनी प्रथमपुरुषाला मराठीत दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावून घेतला जातो. एकाच देहातील व्यक्तिमत्त्वे वैद्याशी बोलताना ‘आम्ही’ म्हणतील. एकमेकांशी मात्र ती प्रारंभी ‘तू’ आणि ‘मी’ एवढेच म्हणतील, किंवा जेकिलप्रमाणे ‘तो’ म्हणून एकमेकांना नाकारतील. ज्या दिवशी त्यांतील एक दुसरीला उद्देशून ‘आपण’ म्हणेल, त्या दिवशी जे घडेल ते उपचाराने लादलेले ऐक्य नसेल. कोणाला मारून टाकावे लागणार नाही, कोणाला दुसऱ्याचे नाव घ्यावे लागणार नाही. वैद्यानेही रुग्णाला ‘आपण’ म्हणावे, पण ते केवळ शिष्टाचाराचे ‘आपण’ नसावे.

बहुव्यक्तित्वाच्या कथा शंभराहून अधिक वर्षे एकाच देहातील ‘खरा’ माणूस शोधीत आल्या आहेत. आझाम यांनी तो पहिल्या अवस्थेत शोधला, प्रिन्स यांनी स्वतःच्या निर्णयात, चित्रपटांनी शेवटच्या रिळात. ज्या थोड्या कृती टिकाऊ ठरल्या त्यांनी हा शोध अपूर्ण ठेवण्याचे धैर्य दाखविले आणि त्याऐवजी प्रत्येक आवाजाची साक्ष, मग ती समासात खरडलेली का असेना, नोंदवून घेतली. हाइडचा राग, बेट्सीचे पोरकेपण आणि नागवल्लीची फिर्याद वाचकाच्या स्मरणात राहते ती यामुळेच.